मधली शिवण

"हात धुवून आलें," असं म्हणत अक्का दारात उभ्या राहायच्या. कोपरापर्यंत धुतलेले हात वर धरलेले, पाणी अजून निथळत असायचं. बाळंतिणीच्या मांडीवरच्या बाळाची हनुवटी त्या अंगठ्याने जराशी खाली दाबायच्या आणि उघडलेल्या तोंडात आपली करंगळी घालायच्या. बाळाला वाटायचं, दूधच आलं. ते चोखायला लागायचं. अक्का डोळे मिटून करंगळी पुढून मागे, मागून पुढे फिरवायच्या, मग बाहेर काढून म्हणायच्या, "मिळालं गे."

एवढंच. ना मुलगा की मुलगी विचारायच्या, ना कोणावर गेलंय ते बघायच्या. पेला पुढे केला तर उभ्याउभ्या दोन घोट कॉफी घ्यायच्या आणि रस्ता ओलांडून घरी जायच्या.

मी साताऱ्याकडची. माझ्या नवऱ्याचं घराणं मराठे राजांच्या काळात इकडे आलं आणि कुंभकोणमलाच मुरलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझा मुलगा झाला तेव्हा मला ना धड तमिळ येत होतं, ना यांची ती बखरीतली मराठी कळत होती. अशात समोरची एक उंच, किडकिडीत बाई आली आणि माझ्या बारा दिवसांच्या पोराच्या तोंडात सरळ बोट घातलं. मी मुळात फटकळ. म्हटलं, "अहो, हे काय चाललंय?" सासूबाईंनी माझा दंड दाबला आणि म्हणाल्या, "राहूं दे. त्यांनी पाहिल्याविना आपल्या गल्लीत पाळणा बांधत नाहीत."

मी धुसफुसत राहिले. बोट बाहेर आलं, "मिळालं गे" झालं, आणि का कोण जाणे, मला एकदम हायसं वाटलं. काय मिळालं आणि कुणाला, ते तेव्हा कळलं नव्हतं.

अक्का नर्सिंगच्या कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायच्या. नाचियार्कोविल्च्या बसने जायचं, भातशेतांच्या मधोमध उतरायचं, संध्याकाळी त्याच बसने परत. गल्लीतले तमिळ लोक त्यांना टीचरअम्मा म्हणायचे. मी अक्का म्हणायचे, कारण त्या माझ्याहून मोठ्या होत्या आणि आमच्यासारख्याच मराठी घरातल्या होत्या. त्यांचा नवरा वीज मंडळात होता. इतका कमी बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी इकडे आल्यावर काही वर्षांनी तो तसाच न बोलता गेला. सासू त्याच्याआधीच गेलेली. एक लेक होती, तेव्हा शाळेत जायची. घरात तिघं माणसं आणि एक झोपाळा, त्यात बोलका म्हणायचा तर तो झोपाळाच. त्याच्या कड्या दिवसभर कुरकुरायच्या.

मी घरी शिवणकाम करायचे, अजूनही करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. एकदा अक्का संध्याकाळी बसमधून उतरून थेट माझ्याकडेच आल्या. हातात प्लास्टिकच्या वायरची विणलेली बाजाराची पिशवी, वर पंचा झाकलेला. मला वाटलं वांगी असतील. त्यांनी पंचा काढला तर आत खरंच वांगी होती आणि वांग्यांच्या मध्ये माणसाची कवटी.

"प्लास्टिकची आहे गे," त्या म्हणाल्या. "कॉलेजची. जबड्याची स्प्रिंग निसटली, ती लावून आणली. हिला एक पिशवी शिवून दे. बसमध्ये पंचा सरकला आणि कंडक्टर मज तिकीट द्यायचंच विसरला."

आता कवटीचं माप कसं घ्यायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी टेप गुंडाळली, कपाळाकडून मागे, कानाच्या भोकाकडून हनुवटीखाली. सासूबाई आतून ओरडल्या, तिन्हीसांजेला हे काय अभद्र मांडलंय. अक्का शांतपणे ओट्यावर बसून मला दाखवत होत्या. "ही बघ शिवण. ही पण. डोक्याचीं हाडं अशीं वाकड्यातिकड्या टाक्यांनीं जोडलेलीं. तुझी शिवण उसवते, ही उसवत नाही."

"माझी कधी उसवली हो?" मी म्हटलं.

"मागच्या दिवाळीचा ब्लाउज," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी खालचा जबडा धरून उघडमीट केली. "अस्की मिळून बावीस हाडं. त्यांतलं हलतं हें एकच. घरांतलीं भांडणं अस्कीं याच्यामुळें." 'अस्की' म्हणजे सगळी. हा शब्द मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. डोळ्याच्या खोबणीत नाकाच्या बाजूला एक हाड असतं, करंगळीच्या नखाएवढं आणि तितकंच पातळ. तेही त्यांनी दाखवलं. त्याच्याजवळून अश्रू नाकात उतरतात. म्हणून रडलं की नाक वाहतं. "चेहऱ्यांतलं अस्क्यांत लहान हाड, आणि काम बघ कोणतं," त्या म्हणाल्या.

शेवटी त्यांनी कवटी उलटी केली आणि जबडा बाजूला धरला. वरच्या दातांच्या आत टाळा असतो, जीभ वर लावली की लागतो तो. त्याच्या मधोमध समोरून मागे जाणारी एक सरळ रेघ होती. अक्कांनी तिच्यावरून करंगळी फिरवली, बाळांच्या तोंडात फिरवायच्या अगदी तशीच.

"चेहरा दोहों बाजूंनीं येतो गे," त्या म्हणाल्या. "पोटांत असतां डावीकडचं उजवीकडचं वेगळं असतं. मग जवळ जवळ येतं आणि मध्यें मिळतं. ही मधली शिवण. तिसऱ्या महिन्याच्या आंत मिळालं तर मिळालं. नंतर कोणी कांहीं करूं शकत नाही. आणि मिळालेलं कोणी उसवूं शकत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं, समोर वर्ग बसल्यासारखं. मी कवटीला जाड खाकी कापडाची पिशवी शिवून दिली, नाडी लावून. ती त्यांनी शेवटपर्यंत वापरली.

आमच्याकडे एकदा सत्यनारायणाला अक्का जेवायला होत्या. मी केळीच्या गाभ्याची भाजी केली होती. हा गाभा चिरणं म्हणजे कंटाळवाणं काम. विळीवर चकत्या करायच्या, आणि प्रत्येक चकतीबरोबर दोरे सुटतात ते बोटाला गुंडाळून काढून टाकायचे. नाहीतर भाजी खाताना तोंडात चिंध्या आल्यासारखं होतं. मी सकाळभर ते करत बसले होते. अक्कांनी पानावरची ती भाजी अलगद कडेला सारली आणि वर पान दुमडून टाकलं. मला राग आला. रात्री नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या टीचरअम्मांना माझ्या हातचं चालत नाही वाटतं." तो म्हणाला, "त्या गाभा खात नाहीत. गल्लीत ठाऊक आहे अस्क्यांना." का खात नाहीत, ते मात्र सांगेना.

कारण मला एका ग्रहणात कळलं.

इकडे ग्रहण फार पाळतात. देवळांची दारं बंद होतात, दुधात, ताकात, लोणच्यात दर्भाची काडी घालून ठेवतात. गरोदर बाई असेल तर तिला अंधाऱ्या खोलीत निजवतात. तिने काही कापायचं नाही, चिरायचं नाही, सुईसुद्धा धरायची नाही. धरली तर बाळाला व्यंग येतं म्हणतात. मी गरोदर नसले तरी त्या दिवशी माझी कात्री खुंटीवर असते. उगाच कशाला विषाची परीक्षा. त्या दुपारी माझ्याकडचा दर्भ संपला म्हणून मी अक्कांकडे मागायला गेले. मला खात्री होती की शरीरशास्त्र शिकवणारी बाई नेहमीसारखी पेपर तपासत बसली असणार.

अक्का झोपाळ्यावर बसल्या होत्या. खिडक्या बंद. स्वयंपाकघरातली विळी जुन्या लुगड्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेली. दोन्ही हात मांडीवर उताणे, रिकामे. झोपाळा हलत नव्हता.

"अक्का, तुम्ही पाळता?" मी विचारलं.

"कळतं गे," त्या म्हणाल्या. "वळत नाही."

मग त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं, पण बहुतेक त्या अंधारात त्यांना कुणीतरी हवं होतं.

लेक पोटात होती तेव्हाची गोष्ट. आठवा महिना. ग्रहण लागलं होतं. सासू त्यांना खोलीत निजवून नदीवर स्नानाला गेली. अक्कांना कॉलेजात नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. टाळा केव्हा मिळतो, ओठ केव्हा मिळतात, हे त्या पोरींना फळ्यावर काढून दाखवत होत्या. आणि घरी त्यांनाच अंधारात पाडून ठेवलेलं. त्या उठल्या. दुसऱ्या दिवसासाठी आणलेला केळीचा गाभा पडला होता, तो विळीवर घेतला आणि सासू येईपर्यंत चिरत बसल्या. भूक नव्हती, घाईही नव्हती. "मज दाखवायचं होतं," त्या म्हणाल्या. "शिकलेली होतें ना."

लेक जन्मली. चेहरा गोड, नाकडोळे जागच्या जागी. पण दूध पिताना ते नाकातून बाहेर यायचं. सगळे म्हणायचे, अधाशी आहे, घाईघाईने पिते. पोरीचं वजन वाढेना, रात्रंदिवस रडायची. कितीतरी दिवसांनी अक्कांनी तिच्या तोंडात बोट घातलं. टाळा मधून उघडा होता.

"दुसऱ्यांच्या पोरींस शिकवीत होतें," त्या म्हणाल्या, "आणि घरच्या पोरीच्या तोंडांत पाहिलं नाही."

सासूला सांगितलं तेव्हा ती एकच वाक्य बोलली. "कापलंस ना गे?" त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात उत्तर देता येतं. सासूने पोरीला बोंडल्याने थेंब थेंब दूध पाजून जगवलं, मद्रासच्या इस्पितळात दोन वेळा शस्त्रक्रिया झाली तेव्हा मांडीवर घेऊन बसली. जीव लावला. पण ते एक वाक्य परत घेतलं नाही, आणि मरून गेली.

"अक्का, आठव्या महिन्यात तर टाळा कधीच मिळालेला असतो. तुम्हीच सांगितलंत मला," मी म्हटलं.

"शिकवतें मी तें," त्या म्हणाल्या. "दर वर्षीं शिकवतें. मोठ्यानें शिकवतें. आणि दर वर्षीं वाटतं, हें मीच मज सांगतें आहें."

गल्लीतल्या प्रत्येक बाळाच्या तोंडात त्यांचं बोट का जायचं, ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या कुणा आईचे ते दिवस फुकट जाऊ नयेत, एवढंच त्यांना पाहिजे होतं. मी दर्भ न मागताच घरी आले.

लेक मोठी झाली. तिचा आवाज नाकातून यायचा, अनोळखी माणसाला पहिल्या वाक्याला कळायचं नाही. ती कोइंबतूरला शाळेत गणित शिकवायला लागली. मला एकदा म्हणाली, "माझ्या वर्गांत गडबड होत नाही हो काकू. पोरांस नीट ऐकावं लागतं ना." ती हसली, मीही हसले. अक्का मात्र उठून पाणी आणायला गेल्या. लेकीला आपल्या आवाजाचं काही वाटत नव्हतं आणि आईला त्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं, असं ते होतं.

तिचं लग्न झालं, पुष्कळ उशिरा तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात ग्रहण आलं.

सकाळीच अक्कांनी मला बोलावून घेतलं. फोन झोपाळ्यावर ठेवलेला, मोठ्या आवाजावर. लेक तिकडे कोइंबतूरला, इकडे आम्ही दोघी. ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत फोन चालू ठेवायचा, असं आईने लेकीकडून वचन घेतलं होतं.

"अम्मा, काय करूं मी?" लेकीने विचारलं.

"कांहीं नको करूं. हात मांडीवर ठेव."

"ठेवले."

"जवळ चाकू, सुई कांहीं आहे?"

"नाही गे अम्मा. उशी आहे. मी आणि उशी." मग म्हणाली, "तूंच मज शिकवलंस ना, तिसऱ्या महिन्याच्या आंत मिळतं? मज पांचवा."

"ठाऊक आहे. तरी ठेव."

पंख्याचा आवाज तिकडून येत होता. मग लेक हळूच म्हणाली, "अम्मा, म्हणजे तुज खरंच वाटतं, माझा टाळा तूं कापलास?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी झोपाळ्याची कडी धरली. लेकीने पुन्हा विचारलं नाही, पण फोन बंदही केला नाही. ग्रहण सुटेपर्यंत ती तिकडे हात मांडीवर ठेवून बसून राहिली, आईसाठी. मला वाटतं, त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की आपली आई इतकी वर्षं कशाखाली दबून जगते आहे.

बाळंतपणाला ती माहेरी आली. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. सोनोग्राफी सगळ्या नीट आल्या होत्या. मी फ्लास्क भरून कॉफी घेऊन इस्पितळात गेले तेव्हा अक्का नळावर हात धूत होत्या. किती वेळ धूत होत्या, देव जाणे. बोटं पांढरी पडली होती.

त्या आत आल्या. "हात धुवून आलें," म्हणाल्या. नातीची हनुवटी अंगठ्याने दाबली. करंगळी आत गेली. नात चोखायला लागली. अक्कांनी डोळे मिटले.

मी किती वेळा हे पाहिलं होतं, म्हणून मला लगेच जाणवलं. बोट पुढून मागे गेलं आणि मागेच थांबलं. परत आलं नाही.

"अम्मा?" लेक म्हणाली.

अक्कांनी बोट काढलं. पदराला पुसलं. "मागें थोडं," त्या म्हणाल्या. "नाही मिळालं गे."

लेकीने बाळाला छातीशी घेतलं. रडली नाही. बराच वेळ बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. मग आईकडे न बघता म्हणाली, "अम्मा, मी कांहीं कापलं नव्हतं."

"नाही."

"तूं फोनवर होतीस."

"होतें."

"हात मांडीवर होते माझे. सुटेपर्यंत. तूं सांगितलंस तसे."

"होय गे."

"मग?" लेक म्हणाली. "मग आतां सांग. माझा कोणी कापला होता?"

अक्का पलंगाच्या कडेला खाली फरशीवरच बसल्या. आधी मला वाटलं चक्कर आली. त्या रडत होत्या. आवाज नाही, नुसतं पाणी. मी पदर पुढे केला. त्यांनी नाक पुसलं, आणि त्याही अवस्थेत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तें लहान हाड." मला हसू आलं.

मग त्या जे बोलल्या ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आज त्या नाहीत म्हणून सांगते. लेकीला डोळा लागल्यावर बाहेर बाकावर बसून त्या म्हणाल्या, "नातीला फट आहे आणि मज हलकं वाटतंय. छातीवरचं उतरलंय. कसली आजी गे मी?"

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही तीस वर्षं थकत आलेल्या आई आहात. आजी उद्यापासून व्हा."

त्या खरंच दुसऱ्या दिवसापासून आजी झाल्या. बोंडलं आणलं. लेकीला दूध कसं पाजायचं ते शिकवलं, बाळाला उभं धरून, थोडं थोडं, मध्ये थांबून. आता शस्त्रक्रिया इकडेच होतात, पूर्वीसारखी वणवण नाही. वर्षाच्या आत नातीचा टाळा शिवून झाला. डॉक्टर म्हणाले, घराण्यातून येतं कधी कधी. अक्का मला म्हणाल्या, "म्हणजे माझ्या रक्तांतून आलं असेल."

"किंवा तुमच्या यजमानांच्या," मी म्हटलं. "ते काही बोललेच नाहीत कधी. कुणाला ठाऊक, टाळ्याचंच काही असेल." यावर त्या इतक्या हसल्या की झोपाळा हलला. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर फार दिवस मिळाले नाहीत.

पुढचं ग्रहण आलं ते दुपारचं. गल्ली सगळी बंद. मी दूध-ताकात दर्भ घालून, कात्री खुंटीला लावून पडले होते. समोरून आवाज यायला लागला. कोवळं, पाणीदार काहीतरी विळीवर चिरलं जात होतं, सावकाश, एकामागून एक. मी उठून बसले. मग रस्ता ओलांडून गेले.

अक्कांच्या घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. त्या विळीवर बसल्या होत्या, केळीचा गाभा हातात. चकती पडली की तर्जनीला दोरा गुंडाळायच्या, मग पुढची चकती. बोटावर दोऱ्यांचं पांढरं वेढणं झालं होतं.

"ये. बस," त्या म्हणाल्या.

त्यांनी फोडणी दिली, वर ओलं खोबरं घातलं. गल्लीत त्या वेळी एकही चूल पेटलेली नव्हती. दोन ताटल्यांत भाजी वाढली आणि एक माझ्यापुढे ठेवली. माझा उपास होता. मी म्हटलं, "अक्का, ग्रहण सुटू दे, मग खाते."

"तूं थांब," त्या म्हणाल्या. "मी पुष्कळ थांबलें."

आणि त्या जेवल्या. घास घास चावून, कुठे बघायचं नाही, बोलायचं नाही. ताटली पुसून घेतली. मी समोर बसून बघत राहिले. डोळ्यांना पाणी आलं, आणि अर्थात नाकालाही.

त्या पावसाळ्यानंतर अक्कांना ताप आला. साधाच वाटला. आठवड्यात इस्पितळ, आणि मग संपलंच. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. लेक आली, नात कडेवर. कॉलेजच्या पोरी बस भरून आल्या होत्या, ओट्यापासून कोपऱ्यापर्यंत उभ्या होत्या. त्यांतली एक रडता रडता मैत्रिणीला म्हणत होती, "मिसने सांगितलं होतं नाक का वाहतं ते." तिघीचौघी रडत असतानाच हसल्या. मला बरं वाटलं. अक्कांना आवडलं असतं.

घर आवरताना लेकीने मला विचारलं, "काकू, अम्माचं कांहीं ठेवाल?" मी विळी मागितली. ती तिने त्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून दिली. घराला कुलूप लागलं. झोपाळा आत तसाच टांगलेला आहे, खिडकीच्या फटीतून दिसतो.

यंदाचं ग्रहण संध्याकाळचं होतं. माझी कात्री नेहमीप्रमाणे खुंटीवर. माणसाची सवय जात नाही. तेवढ्यात शेजारची सून दार ढकलून आत आली. तमिळ पोर, चोळपुरम्ची, पहिलटकरीण, सातवा महिना. ती आजवर माझ्याशी कामापुरतंच बोललेली. आली ती भिंतीला टेकून उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"काकी, मी दुधाची पिशवी कापली," ती म्हणाली. "कात्रीने. लक्षातच नाही राहिलं. घरात कुणाला सांगितलं नाही. आता काय होईल?"

तिने दोन्ही हात पोटावर धरले होते. मला दुसरे हात आठवले, मांडीवर उताणे ठेवलेले. म्हटलं, या पोरीला आत्ता, या घटकेला सोडवलं नाही, तर ही तीस वर्षं अडकेल.

तिला बसवलं. दुसऱ्या दिवसासाठी आणलेला केळीचा गाभा फळीवर होता, तो घेतला. लुगडं सोडून अक्कांची विळी काढली आणि ग्रहणात, तिच्यासमोर, पहिली चकती कापली. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात मी देवाचं नाव घेत होते. पण तोंडाने तिला सांगत गेले. चेहरा दोन बाजूंनी येतो. मध्ये मिळतो. तिसऱ्या महिन्याच्या आत मिळालं की मिळालं. तुझं बाळ सातव्या महिन्यातलं, त्याचं केव्हाच ठरलंय. मिळालेलं कोणी उसवू शकत नाही, कात्री नाही आणि ग्रहणही नाही. समजा एखाद्याचं नसलंच मिळालं, तर ते आईने केलेलं नसतं, आणि ते शिवता येतं.

पोरीचा श्वास हळूहळू खाली बसला. "तुम्हाला कोणी सांगितलं हे?" तिने विचारलं.

"समोरच्या टीचरअम्मांनी."

तिने दारातून समोर पाहिलं. मग भाबडेपणाने म्हणाली, "त्या बाळाच्या तोंडात बोट घालून बघायच्या ना? माझी सासू सांगते. आता माझ्या बाळाचं कोण बघणार?"

इस्पितळात डॉक्टर बघतात, टॉर्च लावून बघतात, हे मला ठाऊक होतं. तिला तेच सांगायला हवं होतं. पण समोर ते कुलूप दिसत होतं. मी दुसरी चकती कापली. दोरा सुटला, तो बोटाला गुंडाळला.